मामांची नेहमीची चूक

मराठी भाषेत आजवर जितक्या म्हणून वेलांट्या चुकल्या, त्या प्रत्येकीचा माझ्या बायकोच्या मामांना वैयक्तिक त्रास झालेला आहे. कुणाला उन्हाचा त्रास होतो, कुणाला धुळीचा, कुणाला व्याह्यांचा. मामांना ऱ्हस्व-दीर्घाचा होतो. उस्मानपुऱ्यातल्या एका छापखान्यात त्यांनी चौतीस वर्षं मुद्रितशोधकाचं काम केलं, म्हणजे लोकांनी लिहिलेलं छापण्याआधी वाचून त्यातल्या चुका काढल्या. पुढे छापखाना बंद पडला. मामा बंद पडले नाहीत. आता ते गारखेड्यात आमच्याच इमारतीत, आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहतात. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला लाल पेन लावून बाहेर पडतात आणि सगळं शहर प्रूफ वाचल्यासारखं वाचत हिंडतात.

त्यांची माझी पहिली ओळख माझ्याच लग्नपत्रिकेतून झाली. पत्रिका आमच्याकडून छापून आल्या होत्या आणि त्यात ‘आशिर्वाद’ असं, पहिल्या वेलांटीनं, छापलेलं होतं. मुलीला बोहल्यावर आणायचं काम मामाचं. मामांनी निरोप पाठवला, ‘ऱ्हस्व आशीर्वादावर मी भाचीला बोहल्यावर आणणार नाही.’ मग स्वतःच आमच्या घरी येऊन तीन दिवस मांडी घालून बसले आणि तीनशे पत्रिकांवरची शि पेनानं शी केली. ज्यांना पत्रिका आधीच गेल्या होत्या त्यांची यादी मागून घेतली आणि एसटीनं जाऊन त्याही दुरुस्त करून आले. गंगापूरला माझ्या आत्याच्या दारात उभे राहून त्यांनी नुसतं एवढंच म्हटलं, ‘मी मुलीचा मामा. पत्रिकेत गंभीर चूक आहे.’ लग्न मोडलं असं समजून आत्या जी मटकन खाली बसली, ती मामांनी वेलांटी दाखवल्यावरच उठली. आणि उठल्यावर जे बोलली ते शुद्ध होतं, पण छापण्यासारखं नव्हतं.

चौकातल्या डेअरीवर ‘ताजे दुध’ अशी पाटी होती. मामा मालकाला म्हणाले, ‘तुमच्या दुधात पाणी नाही हे मान्य, पण उकार मात्र अर्धाच आहे. दूध दीर्घ असतं.’ मालक सज्जन. त्यानं पाटी रंगवून घेतली, ‘ताज्या दूधाचे दही’ हे वाक्य वर आपल्या मनानं जोडलं आणि कौतुकानं मामांना बोलावून दाखवलं. मामांचा चेहरा पडला. ‘दूध दीर्घ, पण दुधाचे ऱ्हस्व. सामान्यरूपात उकार ऱ्हस्व होतो.’ मालकानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. ‘सर, दूध लंबा और दूध का दही छोटा, ये मेरे दिमाग में नाय बसत. मी भैंस का फोटोच लावतो.’ आज त्या डेअरीवर नुसती म्हैस आहे. तिच्यात मामांना अजून चूक सापडलेली नाही, पण जाता-येता ते बघतात.

निरोप घेताना जगातला मराठी माणूस ‘येतो’ म्हणतो. मामा ‘जातो’ म्हणतात. ‘मी येत नाहीये, जातोय. क्रियापदाशी खोटं कशाला बोलायचं?’ एका आजारी नातेवाइकाला भेटायला गेले आणि उठताना त्याच्या उशाशी उभं राहून म्हणाले, ‘बराय, जातो.’ त्या घरातल्या म्हाताऱ्या आजींनी त्यांना हाताला धरून परत खुर्चीत बसवलं, परत चहा पाजला आणि परत निरोप घ्यायला लावला. मामा परत ‘जातो’च म्हणाले. रोज सकाळी घरातून निघतानाही तेच. मामी पाठीमागून काहीतरी ओरडायच्या, पण तोवर मामा निम्मा जिना उतरलेले असायचे.

आणि अशा माणसाच्या नशिबी मामी आल्या. मामी गंगापूरच्या पुढच्या एका खेड्यातल्या, सातवी शिकलेल्या, मोठ्या आवाजाच्या, मोठ्या मनाच्या. त्यांच्या बोलण्यात ‘ण’ हे अक्षरच नव्हतं. पानी, लोनी, कोन, म्हना. सगळीकडं साधा न. मामांनी लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून दुरुस्त्या सुरू केल्या त्या कधी थांबवल्याच नाहीत. आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळं ते यायच्या दिवशी सगळी इमारत कान टवकारून असते. वरून मामींचा आवाज यायचा, ‘अहो, पानी आलं!’ लगेच मामा, ‘पाणी.’ की मामी, ‘तुमचं ते आलं का नाय मला ठावं नाय. माझं पानी आलंय. मोटार लावा आधी!’ आम्ही खाली हसायचो आणि आमचीही मोटार लावायचो. मामींना कधी राग आला नाही. बायकोनं एकदा विचारलं तर म्हणाल्या, ‘अगं, छापखान्यात लोकाचं वाचायला ह्यांना पगार मिळायचा. माझं फुकट वाचत्यात. बरंच हाय की.’

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. छापखाना सुटल्यावर मामांनी माझ्याकडून एक कॉम्प्युटर नेला. तो बसवून द्यायला गेलो तर म्हणाले, ‘जावईबापू, हे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर काय आहे?’ मी सांगितलं, की हे मालकाचं मुख्य खातं, ह्याचा पासवर्ड ज्याच्याकडे त्याच्या हातात सगळा कारभार. त्यांनी खात्याचं नाव ‘प्रशासक’ करायला लावलं. मामी पोह्यांची बशी घेऊन आत आल्या होत्या. ‘घरात आनि दुसरा कोन परशासक? म्या हाय न्हवं,’ म्हणाल्या आणि बशी की-बोर्डवरच ठेवून गेल्या.

मामांना त्यात एक फोल्डर हवा होता, आणि तो असा, की कॉम्प्युटर कुणी उचलून नेला तरी त्याला वाचता येऊ नये. तशी सोय असते. ते कुलूप पासवर्डला बांधलेलं असतं. पासवर्ड विसरला तर आम्ही दुकानदार लोक तो जबरदस्तीनं बदलून कॉम्प्युटर उघडून देतो, रोजचंच काम आहे. पण अशा फोल्डरच्या बाबतीत ती जबरदस्ती चालत नाही. कॉम्प्युटर उघडतो आणि फोल्डर कायमचा मिटतो. म्हणून त्याची एक जादा किल्ली पेनड्राइव्हवर काढून ठेवायची असते. मी ठेवली नाही. दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं, आणि त्यातच मामांनी माझ्या बिलावरचं ‘दुरूस्ती’ वाचायला सुरुवात केली होती, म्हणून मी पळ काढला. दुसरं कारण नाही. मामा त्या खोलीत दार लावून रोज तासभर काय लिहायचे ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. शुद्धलेखनावरचा ग्रंथ असणार आणि तो आपल्याला वाचावा लागणार, एवढीच आम्हाला धास्ती होती.

मागच्या दिवाळीच्या आधी चकल्या पाडता पाडता मामींच्या हातातून सोऱ्या निसटला आणि त्याच्यामागून मामी. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. पुढे पाय थोडा सुधारला, धरून चालायला लागल्या, सगळं समजत होतं, माणसं ओळखत होत्या, पण शब्द येईना. तोंड उघडायच्या, ओठ हलायचे आणि डोळ्यांत पाणी यायचं. मामी बोलायच्या थांबल्या आणि मामांच्या घरात एकही चूक होईनाशी झाली. मामा कसे राहत असतील ह्या विचारानं मला खाली घास गोड लागत नसे. नळाला पाणी यायचं आणि वरून काही ऐकू यायचं नाही; आमची मोटार दोनदा लावायची राहिली. फक्त मामा औषधं आणायला बाहेर पडले की मामी डाव्या हातानं खाटेच्या लाकडावर धपाधप मारायच्या. एकटं राहायची भीती वाटत असेल म्हणून माझी बायको अशा वेळी वर जाऊन बसायची. तरी मारायच्याच.

बोलणं परत आणण्यासाठी आठवड्यातून दोनदा एक बाई यायच्या. त्या चित्रांची कार्डं दाखवायच्या. ‘आजी, हे काय? सफरचंद. म्हणा, सफरचंद.’ मामी सफरचंदाकडं असं बघायच्या, की ते कुणी आणलं आणि कशाला आणलं. महिनाभरानं त्या बाई मामांना म्हणाल्या, ‘काका, ही कार्डं त्यांना परकी वाटतात. आजी घरात रोज जे बोलायच्या, ते शब्द मला द्या. त्यांच्या तोंडातले, अगदी जसेच्या तसे. त्यातला एखादा सापडला तर त्याला धरून बाकीचे येतील. पण आता उशीर नको.’

त्या दिवशी मामा खाली आमच्याकडे आले. खुर्चीत बसले नाहीत. ‘जावईबापू,’ म्हणाले, ‘यंत्र उघडायचं आहे. मला पासवर्ड आठवत नाही.’ बोटांना पाठ होता, डोक्याला कधी नव्हता. आणि मामी पडल्यापासून बोटं तिकडं गेलीच नव्हती. मी म्हटलं, ‘मामा, तुमचा ग्रंथ थोडा थांबू दे की.’ तेव्हा मामांनी खरं काय ते सांगितलं. ग्रंथ नव्हताच. अकरा वर्षं हा माणूस बाहेरच्या खोलीत मामींचा शब्द दुरुस्त करत होता आणि आतल्या खोलीत जाऊन तोच शब्द, मामींनी उच्चारला तसा, लिहून ठेवत होता. शब्द, अर्थ आणि मामींचं वाक्य. ‘लोकांना कळलं असतं तर हसले असते. जन्मभर शुद्धलेखन केलेल्या माणसाच्या घरात अशुद्धाचा एवढा साठा,’ मामा म्हणाले.

‘मग आठवून लिहा ना पुन्हा,’ माझी बायको म्हणाली.

मामांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला. त्यावर वीस-पंचवीस शब्द होते आणि सगळ्यांवर काट मारलेली होती. ‘लिहायला बसलो. पण माझ्या डोक्यात ते दुरुस्त होऊनच येतात गं. ती काय म्हणायची ते मला आठवतच नाही. मी काय म्हणायचो ते आठवतं.’ एवढं बोलून ते आमच्या कॅलेंडरकडं बघत राहिले. त्यात एक चूक होती, मला माहीत होती. त्यांनी ती काढली नाही.

रविवारी सकाळी मी आणि बायको वर गेलो. कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत आणला, मामी समोर खुर्चीत. पहिला पासवर्ड चुकला आणि खाली खूण उमटली, म्हणजे पासवर्ड ठेवताना विसरलो तर आठवावं म्हणून मालकानं लिहून ठेवलेले दोन शब्द. ‘नेहमीची चूक.’

‘कुणाची चूक?’ मी विचारलं.

‘लिहिलेलं नाही. संदिग्ध रचना आहे,’ मामा नाराजीनं म्हणाले.

‘अहो, पण लिहिलंय तुम्हीच!’

चूक म्हटल्यावर ती मामींची, ह्यात कुणालाच शंका आली नाही. मामा इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात तेही कायद्यानं: दीर्घ आ असेल तर दोन ए, ण असेल तर मोठा एन, न असेल तर छोटा. एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत ते टाइप करत होते. पानी झालं, लोनी झालं, लई झालं, व्हय झालं, नाय झालं. दहा चुका झाल्या की कॉम्प्युटर दहा मिनिटं दार लावून घेतो. ‘योग्य आहे,’ मामा म्हणाले, ‘चुकीला शिक्षा असावीच.’ तिसऱ्यांदा दार लागल्यावर मात्र असं काही म्हणाले नाहीत. मी म्हटलं, ‘मामा, सोडून द्या. मी पासवर्ड बदलून टाकतो. निदान यंत्र तरी वापरात येईल.’ हे बोलल्याचं मला अजून वाईट वाटतं. मामा उठले. चेहरा उतरलेला. मामींच्या गोळ्या संपल्या होत्या, तेवढ्या आणाव्यात म्हणून पिशवी घेतली, चपला घातल्या आणि दारातून म्हणाले, ‘जातो.’

मामींनी खुर्चीच्या हातावर धाडकन हात मारला. परत मारला. मान जोरजोरात हलवत होत्या, तोंड उघडं, डोळे मामांवर.

माझी बायको मामींकडं बघत होती, ती एकदम उभी राहिली. ‘मामा, थांबा. आत्ता काय म्हणलात तुम्ही?’

‘जातो म्हणालो.’

‘मामी तुम्हाला मागून रोज काय ओरडायच्या?’

मामा पिशवी हातात धरून तसेच उभे. अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘येतो म्हणा.’

मामींचा हात थांबला. भीती नव्हती ती. सहा महिने ही बाई रोज नवऱ्याची चूक काढत होती, आणि आम्ही तिला सोबत देत बसलो होतो! नेहमीची चूक मामींची नव्हतीच, मामांची होती. मामांनी चपला काढल्या आणि येऊन टाइप केलं. नुसतं ‘येतो’ नाही चाललं. मग ‘येतो म्हणा’, सलग, शेवटी दोन ए, मोठा एन. नाही चाललं. मी खाली मान घातली. तेवढ्यात मामाच स्वतःशी पुटपुटले, ‘ती कुठं ण म्हणते?’ आणि त्यांनी मोठ्या एनच्या जागी छोटा एन घातला. येतो म्हना.

कॉम्प्युटर उघडला. ‘प्रशासक, आपले स्वागत आहे.’

बायको रडायला लागली. मी कॉम्प्युटरवाला, मला असल्या गोष्टींची सवय, मीही रडलो. मामा मात्र उठून मामींच्या खुर्चीशी गेले आणि म्हणाले, ‘पासवर्ड ठेवला तेव्हा मला ठाऊक होतं बरं का, की चूक माझी आहे. तुला सांगायचं तेवढं राहिलं.’ मामींनी डाव्या हातानं त्यांच्या शर्टाचं वरचं बटण लावलं.

मग आम्ही तो फोल्डर वाचला. असे शेकडो शब्द. ‘लई: पुष्कळ. वाक्य: लई झालं आता, गप बसा. प्रसंग: मी विभक्तिप्रत्यय समजावत होतो.’ ‘उगं: विनाकारण. वाक्य: उगं कशाला उन्हात जाता? प्रसंग: पाटी तपासायला निघालो होतो.’ एका ठिकाणी लिहिलं होतं, ‘व्हय: होय. प्रथम ऐकला, तिला पाहायला गेलो तेव्हा. मुलगा पसंत आहे का, ह्या प्रश्नावर.’ त्याच्यापुढं शुद्ध रूप लिहिलेलं नव्हतं. कुठंच लिहिलेलं नव्हतं.

त्या बाईंनी कार्डं पिशवीत टाकली आणि ह्या शब्दांवर काम सुरू केलं. मामा रोज सकाळ-संध्याकाळ मामींसमोर बसून एकेक वाक्य वाचायचे, अगदी त्यांच्यासारखं, पानी म्हणजे पानी. पंधरा दिवस काही झालं नाही. मग एका सकाळी ‘नाय’ आला. नंतर ‘व्हय’. ‘पानी’ आलं त्या दिवशी मामा जिन्यातून धावत खाली सांगायला आले, आणि खरंच नळ आला असं समजून माझी बायको मोटार लावायला पळाली. आता दहा-बारा शब्द आहेत. बाई सांगतात, ह्यापुढचं सावकाश येईल, सगळं येईलच असं नाही. मामा हे ऐकून घेतात.

गेल्या आठवड्यात मामी गॅलरीत बसल्या होत्या. संध्याकाळची वेळ, समोरच्या तारेवर चिमण्या, खाली भाजीची गाडी. त्या बाहेर बघत स्पष्ट म्हणाल्या, ‘झुंबळं.’ मामांनी हा शब्द उभ्या जन्मात ऐकला नव्हता. त्यांनी गावाकडं मामींच्या भावाला फोन केला, त्याला माहीत नाही. भावानं गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं, त्यांनाही नाही. त्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की अशा आजारात आवाज एकमेकांत मिसळतात, तो शब्द असेलच असं समजू नका. मलाही तसंच वाटतं. मी मामांना ते बोललो नाही.

काल वर गेलो तर मामांनी स्क्रीन मामींकडं वळवून ठेवली होती. यादीच्या शेवटी नवी ओळ होती. ‘झुंबळं.’ मामा विचारत होते, ‘बरोबर लिहिलं का?’ मामींनी मान हलवली, नाय. त्यांनी वरचं टिंब काढलं. नाय. ‘ळ’चा ‘ल’ केला. मामी थोडा वेळ बघत राहिल्या आणि पुन्हा नाय. अर्थाचा रकाना रिकामाच होता. मी म्हटलं, ‘मामा, अर्थ काय लिहिणार?’

‘मला काय ठाऊक? शब्द तिचा आहे,’ मामा म्हणाले आणि खुर्ची मामींच्या आणखी जवळ ओढून बसले. ‘ती सांगेल. मी थांबलोय.’